शफीचा सिनेमा आणि संघपालची शाल

भद्रावतीत सिनेमातलं खरं कळणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, याबद्दल संघपाल खोब्रागडेच्या मनात कधी शंका आली नाही. इतरांच्या मनात आली असेल, पण ती कोणी बोलून दाखवली नाही. कारण बोलून दाखवली की संघपाल चष्मा पुसायचा. चष्मा पुसायचा म्हणजे आधी तो काढायचा, निळ्या जॅकेटचं खालचं टोक धरायचं, त्यात काच घोळवायची, डोळे मिटून एक सुस्कारा सोडायचा, आणि मग 'मुळात सिनेमा म्हणजे काय' इथपासून गाडी सुरू व्हायची. गाडी कुठे थांबेल ते त्यालाही माहीत नसायचं.

तसा तो फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये नोकरीला. पण नोकरी ही पोटासाठी असते, हे तो नोकरीच्या वेळेतही सांगायचा. संध्याकाळी सुटला की वाटेत शफीच्या चपलांच्या दुकानात थांबायचा आणि गिऱ्हाइकानं पाय ठेवायच्या स्टुलावर स्वतः बसून शफीला जागतिक सिनेमा समजावून सांगायचा. शफी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. खोकी लावता लावता 'हाव', 'बरोबर', 'मंग?' एवढं म्हणायचा. त्याला स्वतःला मारामारीचे सिनेमे आवडायचे, पण तेवढ्यासाठी संघपालनं मैत्री तोडली नव्हती.

संघपालचा स्वतःचा सिनेमाही तयार होत होता. नाव 'वणव्यानंतर'. पहिलं दृश्य पक्कं होतं, तेंदूचं एक पान गळतं. ते पान कसं गळावं यावर कित्येक वर्षं विचार चालू होता. निर्माताही मिळायचा होता. दोन्ही एकदम जुळून येतील अशी त्याला आशा होती.

आणि एके दिवशी शफीनं खोकी लावता लावता सांगितलं, की त्यानं मोबाइलवर आठ मिनिटांचा एक सिनेमा काढलाय, नाव 'सात नंबर', आणि चंद्रपूरच्या चित्रपट महोत्सवात तो निवडला गेलाय.

संघपालला आनंद झाला. निदान घरी येऊन सरिताला त्यानं तसंच सांगितलं. सरिता भाकरी थापत होती. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग तोंड काऊन असं करून राह्यले? पोट दुखते का?"

दुखतच होतं. पण ओवा खाऊन थांबेल अशातलं ते दुखणं नव्हतं. दोस्तानं बक्षीस मिळवलं असतं, घर बांधलं असतं, लॉटरी लागली असती, तरी संघपालनं पेढे वाटले असते. पण सिनेमा? सिनेमा हे त्याचं क्षेत्र होतं. तिथे शफीनं, ज्याला क्लोजअप म्हणजे काय हे त्यानंच त्या स्टुलावर बसून शिकवलं, त्या शफीनं न विचारता शिरावं आणि वर निवडूनही यावं? एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर संघपालनं नक्कीच मार्गदर्शन केलं असतं, आणि मग तो सिनेमा आणखी चार-पाच वर्षं तरी पूर्ण झाला नसता, ही गोष्ट वेगळी.

पुढचे दोन महिने फार वाईट गेले. शेजारच्या क्वार्टरातल्या चंदाबाई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "तुमचा दोस्त डायरेक्टर झाला म्हन्ते. तुमीच शिकवलं असन न जी त्याले?" संघपालला बरं वाटायला लागलं, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "मंग तुमी काऊन नाई काढला?" रविवारी विहारात वंदना झाल्यावर एका गृहस्थानं त्याला बाजूला घेतलं. 'वणव्यानंतर'बद्दल विचारणार असं वाटून संघपालचा हात जॅकेटकडे गेला, तर गृहस्थ म्हणाला, "शफीभाईचा नंबर द्या ना, पोरीले नाटकाची आवड आहे." स्टोअरमधल्या सहकाऱ्यानं तर हितचिंतकाचा सल्ला दिला की आता शफीभाईला धरून राहा, पुढेमागे काही छोटंमोठं काम देईल. छोटंमोठं! संघपाल त्या दिवशी डबा न खाता परत घेऊन आला.

शफीचं वागणं मात्र जास्तच त्रासदायक होतं. तो फुगला असता तर संघपालला सोपं गेलं असतं. तो उलट मोबाइल घेऊन घरी यायचा आणि दारातच म्हणायचा, "पाहून घे ना बे एकदा. आठच मिनिटं. तू पाह्यल्याबिगर मले काही बरं वाटून नाई राह्यलं." संघपाल कधी डोकं धरायचा, कधी डोळे आल्याचं सांगायचा. शेवटी त्यानं तत्त्वच काढलं. "सिनेमा मोबाइलवर पाहणं म्हंजे सिनेमाचा अपमान आहे. मी मोठ्या पडद्यावरच पाहीन." शफी हिरमुसून निघून जायचा. संघपालनं फॅक्टरीतून घरी यायचा रस्ताही बदलला. नवा रस्ता लांबचा होता आणि त्यात कुत्री फार होती.

महोत्सवातला शफीचा सिनेमा शुक्रवारी दुपारी दोन वाजता होता. संघपाल जाणार नव्हता. पण आपण गेलो नाही तर लोक म्हणतील हा जळतो, आणि गेलो तर निदान चुका तरी काढता येतील, असा दोन्ही बाजूंनी विचार करून त्यानं जॅकेटला इस्त्री केली. तिसरा दोस्त गोपाल, एसटीत कंडक्टर, त्यानं रजा टाकली. तिघे बसनं चंद्रपूरला निघाले. बसमध्ये गोपाल सवयीनं दर थांब्याला उतरणाऱ्यांकडे बघत होता, आणि संघपाल खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात 'सात नंबर'ची समीक्षा लिहीत होता. सिनेमा पाहिला नसल्यामुळे ती फार मोकळेपणानं लिहिता येत होती.

नोंदणीच्या टेबलावर पहिला अपमान झाला. तिथल्या मुलीनं शफीला लाल फितीचा पास दिला. त्यावर फक्त 'दिग्दर्शक' एवढंच छापलेलं. मग तिनं सांगितलं की दिग्दर्शकासोबत एकच माणूस फुकट, दुसऱ्याला प्रवेश नाही. गोपालनं तोवर 'दिग्दर्शकासोबत' असा हिरवा पास गळ्यात घालूनही टाकला होता. संघपालनं चष्मा पुसायला घेतला. मुलगी घाबरली असावी. तिनं वरच्या माणसाला विचारलं, वरच्यानं त्याच्याही वरच्याला फोन लावला, आणि बरीच चर्चा होऊन तोडगा निघाला. दिग्दर्शकाच्या गाडीचा ड्रायव्हर असेल तर त्याला पिवळा पास देता येतो.

"आमी तं एसटीनं आलो," शफी म्हणाला.

"मग ड्रायव्हर बसमध्येच राहिला असेल ना सर, हे त्याच्या जागी," मुलीनं समजूतदारपणे सांगितलं आणि जागतिक सिनेमाच्या जाणकाराच्या गळ्यात 'वाहनचालक' अशी पाटी अडकवली. संघपालनं ती उलटी करून जॅकेटच्या आत लपवली. गोपालला एकदम खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

हॉल अजून रिकामा होता. गोपाल आयुष्यभर बसच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालांचे तंटे सोडवत आलेला. मोकळी जागा दिसली आणि त्यानं ती धरली नाही, असं कधी झालं नव्हतं. त्यानं पहिल्या रांगेतल्या मधल्या तीन खुर्च्या निवडल्या. एकीवर आपला रुमाल टाकला, दुसरीवर संघपालचा. शफीजवळ रुमाल नव्हता. त्याला जुम्म्याच्या नमाजला जायचं होतं, घाई होती, म्हणून त्यानं गळ्यातला लाल पासच काढून मधल्या खुर्चीवर ठेवला. "मी दोनच्या आत येतो," तो म्हणाला. मग जाता जाता थांबून संघपालला म्हणाला, "तू बस हं. पुढंच बस."

आता इथे झाडीपट्टीतल्या माणसाचं गणित सांगायला हवं. या भागात थंडीत गावोगावी नाटकं होतात. पत्रिकेवर रात्री नऊ लिहिलेलं असतं, त्या वेळी फक्त पडदा बांधायची चर्चा चालू असते. मग मान्यवर येतात, मान्यवरांचा सत्कार होतो, ज्यांचा राहिला ते रुसतात, त्यांचाही होतो, आणि जेवून, एक झोप काढून, चटई घेऊन गेलं तरी नाटकाचा पहिला अंक सापडतो. हे लहानपणापासून पाहिलेला गोपाल म्हणाला, "दोनचा सिनेमा म्हंजे चार. तर्री-पोहे खाऊन येऊ." संघपालनंही मान हलवली. त्याच्या अनुभवानुसार साडेचार.

पण आयोजकांनी या वर्षी काय ते मनावर घेतलं होतं. वेळ म्हणजे वेळ, सत्कार सिनेमानंतर. दोघे तर्रीनं कपाळावर आलेला घाम पुसत आरामात परत आले, पुढच्या बाजूच्या दारानं आत शिरले, तर हॉल गच्च भरलेला, अंधार, आणि पडद्यावर नावं वर सरकत होती. त्यातलं 'शफी' एवढं दिसलं आणि तेही वर गेलं. 'सात नंबर' संपला होता.

संघपाल वाकून अंधारात चाचपडत मधल्या खुर्चीवर बसला. खाली काहीतरी टोचलं. काढून पाहिलं तर लाल फितीचा पास. हा हरवला तर शफीची पंचाईत होईल, असा त्यानं विचार केला. हातात ठेवला तर पडेल. म्हणून गळ्यात घातला. मित्राच्या वस्तूची काळजी एवढाच हेतू होता, असं तो नंतर गोपालला दोनदा म्हणाला. पण त्या अंधारात त्यानं ती फीत छातीवर सरळ केली, 'दिग्दर्शक' हा शब्द बाहेरच्या बाजूला येईल असा फिरवला, आणि त्याला जे वाटलं त्याला काळजी म्हणत नाहीत.

दिवे लागले. टाळ्यांचा कडकडाट झाला. हातात माइक घेतलेल्या रिना मॅडम, तिथल्या सूत्रसंचालिका, पहिल्या रांगेकडे बघत होत्या. लाल फीत, निळं इस्त्रीचं जॅकेट, चष्मा. "आणि दिग्दर्शक शफी सर आपल्यात बसलेले आहेत," त्या म्हणाल्या आणि सरळ त्याच्यासमोर आल्या.

नाही म्हणायला एक क्षण होता. संघपालनं तो घेतलाही असता. पण तेवढ्यात दोन कार्यकर्त्यांनी दोन बाजूंनी त्याचे दंड धरले, पायऱ्या आल्या, आणि खांद्यावर शाल पडली. या भागात एकदा खांद्यावर शाल पडली की माणूस बोलायला उठत नाही, तो बोलायला लावला जातो. हातात नारळ आला, समोर फोटो निघाले, आणि तीनशे माणसं त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. हे सगळं त्यानं इतक्यांदा मनात पाहिलं होतं की कुठे उभं राहायचं ते त्याला पाठ होतं. खाली गोपाल तोंड उघडं टाकून बसला होता.

"आता प्रश्नोत्तरं," रिना मॅडम म्हणाल्या.

ज्या सिनेमावर बोलायचं, तो त्यानं पाहिला नव्हता. पण न पाहिलेल्या सिनेमावर बोलायचा त्याला सराव होता.

पहिला प्रश्न एका तरुण प्राध्यापकाचा होता. "सर, तो माणूस रोज दुकानात येतो, चप्पल घालून पाहतो, तास तास बोलतो आणि काहीच न घेता जातो. असा माणूस का निवडला?"

"कारण असे लोक गावोगाव असतात," संघपाल म्हणाला. सुरुवात बरी झाली होती. "नुसते बोलबच्चन. करायचं काही नाही, दुसऱ्याचा वेळ खायचा. मला त्यांचं पितळ उघडं पाडायचं होतं."

हॉल हसला. संघपालला हुरूप आला. पुढचं वाक्य मोठं होतं, म्हणून त्यानं चष्मा काढला, जॅकेटचं टोक धरलं, काच त्यात घोळवली, डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला.

हॉल फुटला. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. रिना मॅडमनी माइक तोंडावर धरला होता आणि त्यातूनही हसू येत होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "सेम टू सेम सर! सोतावरच काढली का?"

संघपालचे डोळे उघडले, पण चष्मा हातात असल्यामुळे समोर नुसते पांढरे दात दिसत होते. हळूहळू त्याला उमगलं. बोलबच्चन. दुकान. रोज येणारा. त्या पडद्यावर आठ मिनिटं जो माणूस बसला होता तो आपणच होतो, आणि आत्ताच आपण तीनशे माणसांसमोर त्याचं पितळ उघडं पाडलं होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. म्हणजे शफी इतकी वर्षं 'हाव, हाव' म्हणत खोकी लावत होता आणि मनात हे चाललं होतं. आता बोलणं सिनेमाबद्दल राहिलं नाही.

"सर, अजून एक," प्राध्यापकानं विचारलं. "त्याला नऊ नंबर लागतो हे दुकानदाराला माहीत असतं. तरी तो त्याला रोज सातच नंबर काढून देतो. असं का?"

"कारण दुकानदार लबाड आहे," संघपाल म्हणाला. आवाज चढला होता. "वरून गोड, आतून हसणारा. दोस्ताला फसवणारा. असे दुकानदारही गावोगाव असतात."

या वेळी कोणी हसलं नाही. चौथ्या रांगेत एक पांढऱ्या केसांच्या बाई उठल्या. सीताबाई नाव सांगितलं, अहेरीकडे शाळेत शिकवत होत्या म्हणाल्या. "मी काही जाणकार नाई जी. पण मले तं वाटलं, नऊ नंबर देल्ला तं चप्पल बसून जाईन. बसली का तो घेईन. घेतली का मंग उद्या येनार नाई. म्हणून तो सात देते. शेवटी तो माणूस येत नाई, तं दुकानदार शटर अर्धं उघडं ठेवून बसून राह्यते ना. मले तं रडूच आलं. आणि तुमीच म्हणता लबाड आहे?"

संघपालनं चष्मा डोळ्यांवर चढवला. आता सगळं स्वच्छ दिसत होतं. अगदी मागे, दारापाशी, शफी उभा होता. डोक्यावरची नमाजची टोपी काढायचीही राहिली होती. तो दोनच्या आत आला होता, लाजेनं मागेच उभा राहिला होता, आणि आठ मिनिटं पडद्याकडे कमी आणि पहिल्या रांगेतल्या तीन रिकाम्या खुर्च्यांकडे जास्त बघत होता. हे गोपालनं त्याच्याकडून नंतर काढून घेतलं. या क्षणी संघपालला एवढंच दिसलं, की शफी त्याच्याकडे बघतोय आणि रागावलेला नाही. रागावला असता तर फार बरं झालं असतं.

"हा सिनेमा माझा नाही," संघपाल माइकमध्ये म्हणाला.

"वा," रिना मॅडम म्हणाल्या. "कलाकृती पूर्ण झाली की ती रसिकांची होते. किती मोठी गोष्ट सांगितली सरांनी." टाळ्या पडल्या.

"अहो नाही. खरंच नाही. मी शफी नाही. शफी तो तिकडे, टोपीवाला."

सगळ्यांनी वळून पाहिलं, तर दार नुसतं हलत होतं. "सरांचा विनोद," रिना मॅडम म्हणाल्या, आणि आपण दिग्दर्शक नाही हे सिद्ध करायला संघपालनं जॅकेटच्या आतून पिवळा पास काढून उंच धरला, तेव्हा त्यावरचं 'वाहनचालक' वाचून हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. इतका साधा दिग्दर्शक त्यांनी पाहिला नव्हता.

शाल सुटता सुटेना. शेवटी गोपालनं वर जाऊन, गर्दीतून उतारू काढायच्या आवाजात "चला, चला, पुढं सरका" म्हणत त्याला खाली आणलं. दोघे बसस्टँडवर पोचले तेव्हा भद्रावतीची बस लागली होती आणि शफी खिडकीशी बसला होता. संघपाल त्याच्या शेजारी बसला. गोपाल मागच्या सीटवर बसला आणि आपण झोपलो आहोत असं दाखवू लागला. बस गाव सोडून कोळशाच्या ट्रकांमागून चालली. शाल अजून संघपालच्या मांडीवर होती. त्यानं ती घडी करून शफीच्या मांडीवर ठेवली.

"राहू दे," शफी म्हणाला. "तुले शोभते."

"शफी, मी जळत होतो बे."

"मालूम आहे. रस्ता बदलला तवाच समजलं." तो बाहेरच बघत होता. "इतकी वर्षं तू बोलला, मी आयकलं. मले कधी कंटाळा नाई आला, खुदाकसम. आज मले फकस्त एवढं पाहिजे होतं, का माहा सिनेमा चालू आहे आन् तू पुढं बसून पाहून राह्यला. बाकीचे लोक माह्यासाठी नव्हतेच."

संघपालला चष्मा पुसावासा वाटला, पण त्यानं हात आवरला. "दाखव," तो म्हणाला.

"मोबाइलवर? सिनेमाचा अपमान होईन."

"होऊ दे."

शफीनं मोबाइल दिला. बस हलत होती, काच मळकी होती, मधेच कोणाचा तरी फोन येत होता. संघपालनं आठ मिनिटं मान वर केली नाही. शफीचं दुकान होतं, ती खोकी होती, आणि स्टुलावर एक माणूस बसून हातवारे करत होता. त्याचा सुस्कारा, त्याचं 'मुळात' म्हणणं, पाय चपलेत कोंबत असताना भलतीकडेच बघत बोलणं, सगळं तंतोतंत होतं. आणि त्याच्यासमोर चप्पल धरून वाकलेल्या शफीच्या तोंडावर जे होतं, ते संघपालनं त्या स्टुलावरून कधी पाहिलं नव्हतं, कारण बोलताना त्याचे डोळे मिटलेले असत. सिनेमा संपला तरी त्यानं मोबाइल परत दिला नाही.

"हा माणूस कोण?" त्यानं विचारलं.

"वडस्याचा श्रावण. झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक करते."

"याले मी पाह्यलं आहे. दुकानात सँडल घालून घालून पाहत होता. मले म्हणे, अजून सांगा ना, लय नॉलेज आहे तुमाले."

"तुले आयकाले आणला होता त्याले."

संघपाल पडद्यावरच्या त्या माणसाकडे बघत राहिला. शफीच्या यशावर तो जळला होता, शालीवर जळला होता, लाल फितीवर जळला होता. पण आत्ता पोटात जे उठलं त्यापुढे ते काहीच नव्हतं. त्या वडस्याच्या खलनायकानं आठ मिनिटं आपल्या स्टुलावर बसावं आणि शफीनं त्याच्याकडे असं बघावं?

"मलेच काऊन नाई घेतलं?"

"तुह्यासमोर मोबाइल धरला का तुहा आवाज बदलते. भाषण देतं तू," शफी म्हणाला. "मले माह्या दुकानातला तू पाहिजे होता."

बस एका खड्ड्यातून गेली. मागे गोपालनं झोपेतच, डोळे उघडे ठेवून, नाक ओढलं.

"तो श्रावण पुन्हा आला," संघपाल म्हणाला, "तं त्याले उभ्यानंच चप्पल दाखव. बसू नको देऊ."

"काऊन?"

"ते माही जागा आहे."

शफीनं त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

"दोन महिने झाले बे," तो म्हणाला, "रिकामीच आहे."